आई इंग्रजी बोलते तेव्हा

आमच्या घरात त्या वर्षी बाबांच्या वाढदिवसाची सगळ्यांना भीती वाटत होती. इतरांकडे वाढदिवस जवळ आला की केक कुठला आणायचा यावर बोलणं होतं. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती कुणीतरी, बहुतेक आईनेच, पेन्सिलीने गोल केला होता आणि तिकडे न बघता फ्रिज उघडायची आम्हा तिघांनाही सवय झाली होती. बाबा चाळीस पूर्ण करणार होते. ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला मिळावं म्हणून जो अर्ज करायचा असतो, त्यात वयाला गुण, शिक्षणाला गुण, नोकरीच्या अनुभवाला गुण, बायकोच्या इंग्रजीलाही गुण असा सगळा शाळेसारखा कारभार होता, आणि चाळिशी झाली की वयाचे गुण एकदम खाली येत. त्याच्या आधी अर्ज पुढे सरकायला हवा होता, आणि तो सरकायला बाबांना पाच गुण कमी पडत होते. आईने इंग्रजीची परीक्षा चारही भागांत ठरलेल्या गुणांनी पास केली, तर ते पाच मिळणार होते. नाही मिळाले तर बाबांचा तात्पुरता व्हिसा संपला की सामान बांधायचं आणि पुण्याला परत. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. पुणं मला आवडत नव्हतं असं नाही, पण तिथल्या शाळेत मधूनच जाऊन बसायचं, या विचाराने माझ्या हातातला घास ताटात परत जायचा.

आम्ही क्वेकर्स हिल नावाच्या उपनगरात भाड्याच्या घरात राहत होतो. विटांचं, बुटकं, पुढे गवत आणि मागे कपडे वाळत घालायची गोल फिरणारी दांडी. सकाळी सहाच्या आधीच विजेच्या तारांवर पांढरे काकाकुवे बसून असा काही आरडाओरडा करत की बाबा म्हणत, यांना कुणी गुण दिले असतील कोण जाणे. मग मिक्सर, मग कुकरच्या शिट्ट्या, मग बाबांची बूट शोधण्याची धांदल आणि स्टेशनकडे पळणं. आई फ्रोझन मटार घालून पोहे करायची आणि ते खाताना रोज एकदा म्हणायची की या मटाराला चव नाही, आणि रोज घालायची. कुंडीतला कढीपत्ता दर हिवाळ्यात मान टाकायचा. आई त्याला रात्री हॉलमध्ये आणून ठेवायची आणि सकाळी उन्हात. हे सगळं मी इतकं बारकाईने सांगते आहे, कारण त्या महिन्यांत मला प्रत्येक गोष्टीकडे बघून वाटायचं की हे आता थोडेच दिवस. कुंडी कुणाला द्यायची, हेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं.

आई पुण्यात मराठी शाळेत शिक्षिका होती. चौथीचा वर्ग. तिच्या हाताखालून किती मुलं गेली याची तिला स्वतःलाही मोजदाद नव्हती, आणि लक्ष्मी रोडवर दर चार पावलांना कुणीतरी वाकून नमस्कार करायचं. इथे आल्यावर तिला नमस्कार करायला कुणी नव्हतं. वाचलेलं इंग्रजी तिला सगळं कळायचं, लिहायचीही नीट, वळणदार, टपोऱ्या अक्षरात. पण बोलायची वेळ आली की ती आधी मनात मराठी वाक्य तयार करायची आणि मग त्याचा एकेक शब्द इंग्रजीत आणून ठेवायची. ‘मी त्याला सांगितलंय’ याचं ती ‘आय हॅव हिम टोल्ड’ करायची. ‘मी ते ठेवलंय’ याचं ‘आय हॅव इट केप्ट’. आपल्याकडे ‘त्याला’ आधी येतो आणि ‘सांगितलंय’ मागून, यात तिचा काय दोष. दूधवाल्या दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे कुणाचंच काही अडत नव्हतं. परीक्षेत अडणार होतं.

म्हणून बाबांनी नियम केला. संध्याकाळी सहा ते सात घरात फक्त इंग्रजी. आणि आईची चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्त करायची, पुढे जाऊ द्यायचं नाही. हे दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं, कारण बाबांचं इंग्रजी पुण्याचं होतं आणि माझं एव्हाना इथलं झालं होतं. शाळेत मला केतकी कुणी म्हणत नसे, सगळे केट म्हणत. नियम लागू झाला त्या पहिल्या संध्याकाळी आमच्या घरात इतकी शांतता पसरली की शेजारच्या कुत्र्याचं नखांनी खाजवणं ऐकू येत होतं. बाबा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले. आई आमटी ढवळत राहिली. शेवटी तिने देवाजवळ दिवा लावला आणि देवांशी मराठीत बोलली. त्यावर नियम लागू होतो का हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

हळूहळू ती बोलायला लागली. मी डायनिंग टेबलाशी बसायचे, ती ओट्याशी उभी असायची. मी विचारायचे, ‘डिड यू कॉल बाबा?’ ती पोळी लाटता लाटता म्हणायची, ‘येस, आय हॅव हिम कॉल्ड.’ मी म्हणायचे, ‘कॉल्ड हिम.’ ती लाटणं थांबवून म्हणायची, ‘कॉल्ड हिम.’ तव्यावरची पोळी करपायची. ‘व्हेअर्स माय जर्सी?’ ‘आय हॅव इट वॉश्ड.’ ‘वॉश्ड इट, आई.’ ‘वॉश्ड इट.’ दिवसाला शंभरदा तरी. आज लिहिताना कबूल करायला हरकत नाही: मला त्यात मजा येत होती. वर्षानुवर्षं जिने माझ्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनने गोल केल्या, तिला मी थांबवत होते, आणि ती थांबत होती. बाबा कौतुकाने म्हणायचे, ‘आमची मास्तरीण फार कडक आहे हं.’ मी आणखी कडक व्हायचे.

आईची इंग्रजी बोलायची दुसरी जागा म्हणजे कुंपण. पलीकडे कार्मेन नावाची म्हातारी राहायची, माल्टाची, नवरा वारलेला, मुलगे लांब. आई तिला माझ्याजवळ कार्मेनबाई म्हणायची. या कार्मेनबाईंना इथे येऊन पन्नास वर्षं झाली होती आणि त्यांचं इंग्रजी ऐकून मला अंगावर काटा यायचा. ‘आय सीन हिम येस्टरडे, लव्ह, द पोस्टमॅन, आय टोल्ड हिम, यू डन इट अगेन, यू गिव्ह मी हर लेटर.’ आणि आईला सगळं कळायचं. दोघी लिंबं आणि मेथीची जुडी यांची देवाणघेवाण करत तास-तासभर उभ्या राहायच्या. मी आईला बजावून ठेवलं होतं की कार्मेनबाईंचं काही एक शिकायचं नाही. आई म्हणाली, ‘बरं बाई.’

पहिली परीक्षा पॅरामाटाला झाली. ही परीक्षा माणूस घेत नाही. कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक, आणि पडद्यावर प्रश्न. बीप वाजली की बोलायचं; तीन सेकंद तुम्ही गप्प राहिलात की यंत्र समजतं तुमचं संपलं, आणि माइक बंद होतो. हे आम्हाला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पर्स छातीशी धरली होती आणि ती बाबांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, ‘अगं, मी मनात वाक्य नीट लावत होते. हिम आधी की नंतर. तेवढ्यात ते बंदच झालं.’ एकदा नाही, चार-पाचदा. निकाल आला. वाचन, लेखन, ऐकणं, तिन्हीत चांगले गुण. बोलण्यात थोडक्यासाठी गेली होती.

लगेचची तारीख मिळेना. शेवटी बाबांना जी मिळाली ती वाढदिवसाच्या अकरा दिवस आधीची. म्हणजे एकच संधी, आणि ती हुकली तर पुढचं सगळं हुकलं. बाबांनी त्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बूट न काढताच खुर्चीत बसकण मारली आणि म्हणाले, ‘इट्स ओके. वी हॅव टाइम.’ त्यांच्याच तोंडून त्यांच्या नियमाच्या वेळेबाहेर इंग्रजी निघालं, यावरून मी ओळखलं की त्यांचं धाबं दणाणलंय. माझ्यापुरता मी निष्कर्ष काढला की सराव कमी पडला. आई थांबते, कारण तिला नीट येत नाही. नीट येत नाही, कारण मी सगळ्या चुका पकडत नाही. म्हणून मी सहा ते सातचा नियम वाढवला. सकाळी पोह्यांपासून सुरुवात. गाडीत. दुकानात, रांगेत. आई फोनवर गॅसवाल्याशी बोलत असली तरी मी समोर उभी राहून ओठांनी बरोबर शब्द दाखवायचे, आणि ती माझ्या ओठांकडे बघत गॅसवाल्याला अडखळत उत्तर द्यायची. तिकडचा माणूस ‘नो वरीज, नो वरीज’ म्हणत राहायचा. मला वरीज होत्या. रात्री अंथरुणात मी उरलेले दिवस मोजायचे आणि नखं कुरतडून माझी बोटं लाल झाली होती.

आणि मग शाळेची पालकभेट आली. दुपारी साडेतीनला, हॉलमध्ये टेबलं मांडून, प्रत्येकाला पाच मिनिटं. बाबांना सुट्टी मिळाली नाही, आई एकटी आली. तिने निळी कॉटनची साडी नेसली होती. मी सकाळी जीन्स घाल म्हणून सुचवलं होतं, त्यावर तिने हसून मान हलवली होती. माझे वर्गशिक्षक मिस्टर पीटर्स, मोठं पोट आणि उन्हाने लाल झालेलं नाक, उठून तिच्याशी हात मिळवून म्हणाले, ‘केट इज अ रिपर, मिसेस जोशी. नो कम्प्लेंट्स.’ रिपर म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. आई खुर्चीच्या टोकाशी बसली. ती हे बोलणं घरून ठरवून आली होती, हे मला तिच्या बोटांवरून दिसत होतं. वर्गात कविता म्हणायच्या आधी मुलं करतात तशी तिने बोटं एकमेकांत गुंतवली होती. ती म्हणाली, ‘सर, आय वाँट टु टेल वन थिंग. माय डॉटर, शी हॅव मी…’

मी म्हणाले, ‘शी हॅज.’

‘शी हॅज मी हेल्प…’

‘हेल्प्ड मी. शी हॅज हेल्प्ड मी, आई.’

मिस्टर पीटर्स म्हणाले, ‘यू आर राइट, टेक युअर टाइम,’ म्हणजे चालू द्या, घाई नाही. आई परत पहिल्यापासून सुरू झाली. ‘सर, आय वाँट टु टेल. माय डॉटर. शी हॅज…’ आणि थांबली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हॉलमधल्या सगळ्या टेबलांवर माणसं बोलत होती आणि आमच्या टेबलावर कुणीच काही बोलत नव्हतं. मी मनात सेकंद मोजले, ही सवयच लागली होती. तीन केव्हाच होऊन गेले. मग आई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘राहू दे. तूच बोल काय ते.’ तिने पर्स मांडीवर ओढली, मिस्टर पीटर्सना हात जोडून नमस्कार केला आणि उरलेला वेळ ती भिंतीवरच्या मुलांच्या चित्रांकडे बघत बसली. मीच माझ्याबद्दल मिस्टर पीटर्सशी बोलले. गणित, खेळ, पुढच्या वर्षीचे विषय. पुढच्या वर्षी मी इथे असेन का हे माहीत नसताना मी विषय निवडत होते.

चालत घरी येताना ती काही रागावली वगैरे नव्हती. तिने कोथिंबीर घेतली, रस्ता ओलांडताना माझा दंड धरला. संध्याकाळचे सहा वाजले. मी मुद्दाम विचारलं, ‘व्हॉट्स फॉर डिनर?’ ती म्हणाली, ‘भरली वांगी.’ मला वाटलं विसरली. ‘आई, सिक्स ओ’क्लॉक.’ ती कणीक मळत होती. हात न थांबवता ती शांतपणे म्हणाली, ‘केतकी, माझ्या वर्गात एखादं मूल उभं राहून वाचायला लागलं ना, की मी मध्ये बोलायचे नाही. कितीही चुकू दे. पान संपलं की मग जवळ बोलावून सांगायचे. मध्ये बोललं की ते मूल पुढच्या वेळी हातच वर करत नाही.’ एवढं बोलून तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि वांगी चिरायला घेतली. त्या दिवसापासून तिने इंग्रजी बोलणं बंद केलं.

परीक्षेला सतरा दिवस उरले होते. मी बाबांना खरं सांगितलं नाही. ‘आई दमलीय,’ असं म्हणाले. बाबा सहा वाजता हौसेने ‘सो, हाउ वॉज युअर डे?’ विचारायचे आणि आई ‘ठीक’ म्हणून कुकर लावायला उठायची. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग रोज थोडा उतरत होता. ते तिला काही म्हणायला धजत नव्हते, आणि मी वहीत डोकं घालून बसायचे. शाळेत मिस्टर पीटर्सनी मला दुसऱ्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये गाठून म्हटलं, ‘आय रेकन युअर मम वॉज अबाउट टु से समथिंग नाइस अबाउट यू, मेट. शेम वी लॉस्ट इट.’ ते सहज म्हणाले आणि पुढे गेले. मी टॉयलेटमध्ये जाऊन दार लावलं आणि घंटा होईपर्यंत बाहेर आले नाही. आमचं सगळं घर परत जाणार होतं, बाबांची इतक्या वर्षांची धडपड वाया जाणार होती, आणि ते माझ्यामुळे. त्याहून वाईट म्हणजे आईला माझ्यासमोर तोंड उघडायची भीती वाटत होती. चौथीच्या पन्नास मुलांसमोर जी कधी घाबरली नाही, ती.

मी माफी मागून पाहिली. ती भांडी विसळत होती. मी म्हणाले, ‘आई, आय’म सॉरी. मी परत नाही टोकणार. प्रॉमिस.’ ती म्हणाली, ‘अगं, त्यात सॉरी कसलं. तू माझ्यासाठीच करत होतीस ना. ते डबे पुसून ठेव.’ आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता, म्हणून मी डबे पुसायला घेतले. रागावली असती तर मी रडले असते आणि मिटलं असतं. मी तिच्यापुढे मुद्दाम चुकीचं इंग्रजीही बोलून पाहिलं, कार्मेनबाईंसारखं, ‘आय डन इट, आय सीन हर.’ ती किंचित हसली. बोलली मराठीतच.

शेवटी शनिवारी बाबा मला नेटबॉलला सोडत असताना मी गाडीत सगळं सांगून टाकलं. सिग्नल हिरवा झाला तरी ते तसेच थांबून राहिले, मागच्याने हॉर्न दिला. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, ‘तुला तिथल्या तिथे दुरुस्त कर असं मीच सांगितलं होतं ना.’  मैदानाच्या गेटशी मला उतरवताना म्हणाले, ‘तिला आपल्या दोघांचीच धास्ती वाटतेय. आपण दोघं जरा बाजूला होऊ या.’

दुसऱ्या दिवशी त्यांचं आणि आईचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. सोमवारपासून एवढं ठरलं की शाळा सुटल्यावर मी थेट घरी यायचं नाही. लायब्ररीत जायचं, साडेपाचपर्यंत. आई म्हणाली, ‘थोडे दिवसच गं. मला जरा मोकळेपणाने करायचंय.’ डब्यात तिने जास्तीचा लाडू घातला. लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलाशी मी पुस्तक उघडून बसायचे आणि एकही पान उलटायचे नाही. घरात, माझ्या घरात, आई बोलत होती आणि मी तिथे असलेलं चालत नव्हतं. साडेपाचला मी परत यायचे तेव्हा कुंपणाशी दोन खुर्च्या मांडलेल्या असायच्या, चहाचे दोन कप, एका बशीत कार्मेनबाईंची बिस्किटं नि आमच्या शंकरपाळ्या. आई आत असायची. एकदा कार्मेनबाई झाडांना पाणी घालत होत्या. मला बघून पाइप बाजूला धरत म्हणाल्या, ‘युअर मम, लव्ह. शी टॉक, टॉक, टॉक. आय कॅन्नॉट गेट अ वर्ड इन.’ मी घरात गेले तर आई म्हणाली, ‘आलीस? हातपाय धू, भजी केलीयत.’

परीक्षेच्या दिवशी बाबांनी रजा काढली. मी शाळेत होते. मला सोबत ये असं कुणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. विज्ञानाच्या तासाला माझ्या हातातून काचेची नळी पडून फुटली. घरी आले तेव्हा दोघं परतले होते. आई सोफ्यावर आडवी झाली होती, डोळ्यांवर हात. मी दारातच उभी राहिले. ती हात न काढता म्हणाली, ‘खूप चुकले गं. पण थांबले नाही कुठे. कार्मेनबाई समोर आहेत असं धरलं आणि सुटले.’ बाबा ओट्याशी उभे राहून कोरडी पोळी खात होते, ताटातसुद्धा घेतली नव्हती. ती रात्र आणि पुढचा सबंध दिवस आमच्याकडे कुणी एकमेकांच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. बाबा दर दहा मिनिटांनी ईमेल उघडायचे. शेवटी संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप आईकडे वळवला, कारण त्यांना आकडे नीट दिसेनात. आईने चष्मा लावला, बोट ठेवून चारही ओळी वाचल्या, आणि म्हणाली, ‘झालं.’ बाबा तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. आईने त्यांना थोपटलं, माझा हात ओढून मलाही शेजारी बसवलं. बोलण्यात हवे होते त्याहून पुष्कळच जास्त गुण होते. आमचे पाच आले, अर्ज वेळेत पुढे गेला, आणि कागदपत्रांना लागायचे तेवढे महिने लागून आम्ही इथे राहिलो.

त्या रात्री मला वाटलं आता उद्यापासून सगळं पहिल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सहा वाजले तेव्हा बाबा हसत म्हणाले की नियम रद्द, आणि आम्ही तिघं मराठीत जेवलो. मी वाट बघत होते. आई माझ्यासमोर एकदा इंग्रजीत काहीतरी बोलेल, चुकेल, आणि मी चुकू देईन, एवढीच माझी इच्छा होती. तिने ती संधी मला दिली नाही. मुद्दाम नव्हे, तिला त्याची कल्पनाही नसावी. पुढे ती चाइल्डकेअरमध्ये कामाला लागली, वीस वर्षं केलं, तिथल्या मुली तिच्या इंग्रजी विनोदांवर पोट धरून हसत असं मी ऐकून आहे. कार्मेनबाईंच्या अंत्यविधीला चर्चमध्ये उभी राहून ती पाच मिनिटं बोलली. मी तेव्हा कॅनबेराला शिकत होते, बाबांनी फोनवर सांगितलं की सगळे रडले. माझा नवरा इथलाच, त्याच्याशी ती एकटी असते तेव्हा भरभरून बोलते. मी खोलीत आले की दोघांमध्ये एक ‘येस डार्लिंग’ उरतं आणि ती माझ्याकडे वळून विचारते, जेवलीस का. माझं मराठी इतकं नीट का राहिलं असं लोक कौतुकाने विचारतात. मी म्हणते, आईमुळे. खोटं नाही ते.

मागच्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑफिसमधून सुटून डबा घेऊन मी वॉर्डात पोचले तर तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून हसणं ऐकू येत होतं. फिजीची एक तरुण नर्स तिचं ब्लडप्रेशर घेत होती आणि आई तिला काहीतरी सांगत होती. मी तशीच बाहेर थांबले. ‘सो द एअरपोर्ट मॅन, ही ओपन माय बॅग, ही सी द पिकल, बिग बॉटल, ऑइल कमिंग ऑल ओव्हर. ही से, व्हॉट इज धिस, मॅडम? आय वॉज सो अफ्रेड. आय से, सर, धिस इज माय मदर-इन-लॉ.’ नर्स हसून हसून खाली वाकली होती. आईचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता असा होता, खालच्या पट्टीतला, खोडकर, ऐन जागी थांबून हशा वसूल करणारा. आम्ही इथे आलो त्या दिवसाची, आजीने दिलेल्या लोणच्याची ही गोष्ट. मी तेव्हा तिथे तिच्या शेजारीच उभी असणार, आणि ती मला आठवत नव्हती, तिने मला कधी सांगितलीही नव्हती. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांनी, त्या दारात उभी असतानाही, तिच्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती माझ्या ओठांपर्यंत येत होती.

माझी सावली आत पडली असावी. आईने वर बघितलं आणि तोंड मिटलं. ‘आलीस? डब्यात काय आणलंयस?’ ती म्हणाली. नर्स तिचा हात धरून म्हणत होती, ‘नो, नो, यू कॅन्ट स्टॉप देअर. व्हॉट डिड ही से?’ आईने तिच्या हातावर थोपटलं आणि माझ्याकडे पाहून अवघडल्यासारखी हसली. मी डबा टेबलावर ठेवला. म्हटलं, ‘आई, मी खालून चहा घेऊन येते. गर्दी आहे, वेळ लागेल.’ आणि बाहेर येऊन दार माझ्यामागे पूर्ण लावून घेतलं.